लाईट गेली, पण नोंद झाली का? वीजवाहिन्यांच्या विश्वासार्हतेच्या आकड्यांचा इतिहास

समजा, तुमच्या तालुक्यातल्या एका 11 केव्ही फीडरचा वार्षिक अहवाल तुमच्या हातात आला. त्यात एक ओळ आहे: सैडी 60 मिनिटं. म्हणजे त्या फीडरवरच्या सरासरी ग्राहकाकडे वर्षभरात मिळून एक तास वीज नव्हती. हा आकडा चांगला की वाईट?

संशोधनाला नवीन असताना आपण लगेच तुलनेच्या मागे लागतो. शेजारच्या जिल्ह्याचा आकडा किती, गुजरातचा किती, जर्मनीचा किती. मी म्हणेन, जरा थांबा. त्याआधी एक प्रश्न विचारा: हा आकडा कुणी मोजला, आणि कुठं उभं राहून मोजला? उपकेंद्रात उभं राहून, की त्या फीडरच्या शेवटच्या खांबाखालच्या घरात?

हा लेख खांबांवरून जाणाऱ्या वितरण वाहिन्यांबद्दल आहे. उपकेंद्रातून निघणारी 11 किंवा 22 केव्हीची लाईन, तिच्यावरच्या डीपी, आणि तिथून घरापर्यंत येणारी लघुदाब वाहिनी. या व्यवस्थेची विश्वासार्हता मोजायची कशी, याचा इतिहास साधारण साठ वर्षांचा आहे. तो वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. प्रत्येक टप्प्यावर गणित सुधारलं, पण प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी हेही ठरवलं की काय मोजायचं आणि काय सोडून द्यायचं. संशोधकानं दोन्ही वाचायला हवं.

आधी वीजनिर्मिती, तारा नंतर

वीजव्यवस्थेत संभाव्यतेचं गणित पहिल्यांदा आलं ते तारांसाठी नाही, तर वीजनिर्मितीसाठी. 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या अभियंत्यांसमोर प्रश्न होता की राखीव म्हणून किती जनित्रं ठेवायची. तोवर ‘एकूण मागणीच्या अमुक टक्के’ किंवा ‘सगळ्यात मोठं जनित्र बंद पडलं तरी भागेल इतकी’ असे ढोबळ नियम चालायचे. 1947 मध्ये जुझेप्पे कालाब्रेसे यांचा निबंध अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्सच्या नियतकालिकात आला. त्यात राखीव क्षमता संभाव्यतेवरून ठरवायची पद्धत मांडली होती.

मग वितरण वाहिन्या मागे का राहिल्या? कारण सरळ आहे. निर्मिती कमी पडली तर शहरच्या शहर अंधारात जातं, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते. डीपीचा फ्यूज उडाला तर पन्नास-साठ घरं अंधारात जातात आणि बातमी होत नाही. पण तुमच्या-माझ्या घरची लाईट जाते ती बहुतेक वेळा वीजनिर्मिती कमी पडली म्हणून नाही. फांदी तारेवर पडते, पिन इन्सुलेटर फुटतो, जम्पर जळतो, पक्षी किंवा खार दोन तारांमध्ये येते. सगळ्यात जास्त बिघाड जिथं होत होते, तिथं गणित सगळ्यात उशिरा पोचलं.

1964: दोन निबंध आणि दोन अक्षरं

1964 साली आयईईईच्या नियतकालिकात एकाच सुमारास दोन निबंध आले. एक झेड. जी. टॉड यांचा, दुसरा गेव्हर, माँटमीट आणि पॅटन या तिघांचा. पारेषण आणि वितरण वाहिन्यांमधल्या खंडित पुरवठ्याचा हिशेब कसा करायचा, हा दोन्हींचा विषय. आज पाठ्यपुस्तकात जी पद्धत आपण पहिल्या धड्यात शिकतो, तिचा पाया इथं आहे.

पद्धत फार अवघड नाही. लाईनच्या प्रत्येक भागाला दोन आकडे द्यायचे. पहिला, बिघाडाचा दर: वर्षाला, दर किलोमीटरमागे किती वेळा बिघाड होतो. दुसरा, दुरुस्तीचा काळ: बिघाड झाल्यावर किती तास लागतात. दोन्हींचा गुणाकार केला की वर्षाला किती तास वीज नसेल ते मिळतं. लाईनचे भाग एकापुढे एक जोडलेले असतील, तर या सगळ्यांची बेरीज करायची.

एक उदाहरण करून बघू, आकडे सोयीसाठी घेतलेत. 12 किलोमीटरची एकच सरळ लाईन आहे. दर किलोमीटरला वर्षाला 0.2 बिघाड, म्हणजे वर्षाला 2.4 बिघाड. दुरुस्तीला सरासरी 3 तास. मग लाईनवरच्या प्रत्येकाला वर्षाला 2.4 गुणिले 3, म्हणजे 7.2 तास अंधार.

आता लाईनच्या मध्यावर एक एबी स्विच बसवा. मागच्या सहा किलोमीटरमध्ये बिघाड झाला तर लाईनमन जाऊन स्विच उघडतो आणि पुढच्या अर्ध्या भागाला अर्ध्या तासात वीज मिळते. उपकेंद्राजवळच्या लोकांचा हिशेब असा होतो: 1.2 गुणिले 3 अधिक 1.2 गुणिले 0.5, म्हणजे 4.2 तास. शेवटच्या टोकाच्या लोकांचं काय? दुसरीकडून पुरवठा नसेल तर त्यांचे 7.2 तास तसेच राहतात.

हे गणित तुम्हाला सोपं वाटेल, पण त्यात दोन मोठ्या गोष्टी घडल्या. एक म्हणजे ‘ही लाईन खराब आहे’ या तक्रारीच्या जागी तुलना करता येईल असा आकडा आला. अमुक स्विचवर खर्च केला तर कुणाचे किती तास वाचतात, हे कागदावर मांडता येऊ लागलं. दुसरी, जास्त महत्त्वाची गोष्ट म्हणजे एकाच लाईनवरच्या दोन ग्राहकांची विश्वासार्हता वेगवेगळी असते, हे गणितानंच दाखवून दिलं. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा. पुढं सरासरी आली की ती दिसेनाशी होते.

वादळात बिघाड एकटा येत नाही

गेव्हर, माँटमीट आणि पॅटन यांच्या निबंधातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हवामानाबद्दल आहे. त्यांनी वर्षाचे दोन भाग केले: नेहमीचं हवामान आणि वादळी हवामान. उघड्या तारांच्या बाबतीत हा फरक का लागतो, हेही आकड्यांतच बघू.

एका गावाला दोन वेगवेगळ्या लाईन येतात. एक गेली तरी दुसरी आहे. प्रत्येकीचा बिघाडाचा दर वर्षाला 1, दुरुस्तीला 8 तास. दोन्ही एकाच वेळी बंद पडायची शक्यता किती? बिघाड वर्षभर सारखे विखुरलेले आहेत असं धरलं, तर उत्तर येतं 1 गुणिले 1 गुणिले 16 भागिले 8760. म्हणजे साधारण 547 वर्षांतून एकदा. ऐकून निर्धास्त वाटतं.

आता असं धरा की वर्षातले फक्त 88 तास वादळी असतात, म्हणजे एक टक्का वेळ. पण निम्मे बिघाड त्याच 88 तासांत होतात. मग वादळात एका लाईनचा बिघाडाचा दर तासाला 0.5 भागिले 88, म्हणजे 176 मध्ये 1 इतका होतो. पहिली लाईन पडली आणि वादळ पुढचे आठ तास टिकलं, तर त्या आठ तासांत दुसरी पडायची शक्यता 8 भागिले 176, म्हणजे 22 मध्ये 1. दोन्हींपैकी कुठलीही आधी पडू शकते हे धरून गणित केलं की उत्तर येतं, साधारण 22 वर्षांतून एकदा.

547 आणि 22. लाईन त्याच, वर्षाची सरासरीही तीच. फरक इतकाच की पहिल्या हिशेबात वादळ वर्षभर पातळ करून पसरवलं होतं. यालाच पुढं बिघाडांचं ‘गुच्छ होणं’ म्हटलं गेलं. कोकणातल्या माणसाला हे सांगायला निबंध लागत नाही. पावसाळ्यात गेलेल्या लाईटीचा अनुभव पुरेसा आहे. पण अनुभव असणं आणि तो आराखड्याच्या गणितात येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1964 मध्ये तो गणितात आला.

कॅनडातल्या सास्कॅचवान विद्यापीठातले रॉय बिलिंटन यांनी हे सगळं एकत्र बांधलं. त्यांचं पहिलं पुस्तक 1970 चं, आणि रोनाल्ड अॅलन यांच्यासोबतचं ‘रिलायबिलिटी इव्हॅल्युएशन ऑफ पॉवर सिस्टिम्स’ 1984 चं. या विषयात पीएचडी करणार असाल तर दुसरं पुस्तक तुमच्या टेबलावर असणारच.

याच परंपरेतून 1991 मध्ये शिकवण्यासाठी म्हणून एक नमुना वितरण व्यवस्था प्रसिद्ध झाली. तिच्यात 11 केव्ही लाईनसाठी बिघाडाचा दर दर किलोमीटरला वर्षाला 0.065 आणि दुरुस्तीचा काळ 5 तास दिलेला आहे. आपली गणनापद्धत बरोबर आहे का, हे तपासायला ही व्यवस्था उत्तम आहे. पण हा 0.065 जसाच्या तसा उचलून मराठवाड्यातल्या किंवा सिंधुदुर्गातल्या फीडरला लावायचा मोह होतो. तो टाळा. तो आकडा पद्धत तपासण्यासाठी आहे, तुमच्या फीडरबद्दल तो काहीच सांगत नाही. तुमच्या फीडरचा दर तुम्हाला तिथल्याच नोंदींतून काढावा लागेल.

ग्राहक मोजायला लागल्यावर

बिघाडाचा दर हा लाईनचा गुणधर्म. पण नियामकाला आणि ग्राहकाला लाईनशी देणंघेणं नसतं. आपल्याकडे वीज होती का, एवढंच त्यांना हवं असतं. म्हणून लाईनच्या आकड्यांवरून ग्राहकांचे निर्देशांक आले. 1998 मध्ये आयईईईनं 1366 क्रमांकाचं मार्गदर्शक मानक आधी प्रायोगिक म्हणून काढलं आणि या निर्देशांकांच्या व्याख्या एका जागी आल्या. 2003, 2012 आणि 2022 मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या.

मुख्य निर्देशांक तीन. सैफी म्हणजे सरासरी ग्राहकाची वीज वर्षात किती वेळा गेली. सैडी म्हणजे एकूण किती वेळ गेली. कैडी म्हणजे एकदा गेली की परत यायला सरासरी किती वेळ लागला. सैडीला सैफीनं भागलं की कैडी मिळतो.

आता सुरुवातीच्या अहवालातल्या त्या 60 मिनिटांकडे परत येऊ. त्या फीडरवर 1200 ग्राहक आहेत असं धरा. वर्षात दोनच घटना झाल्या. एकदा अख्खा फीडर ट्रिप झाला, 1200 ग्राहक 30 मिनिटं अंधारात. हिशेब: 36,000 ग्राहक-मिनिटं. दुसऱ्यांदा एक डीपी गेली, 60 ग्राहक 10 तास अंधारात. हिशेब: 36,000 ग्राहक-मिनिटं. दोन्ही घटनांचा सैडीतला वाटा अगदी सारखा, 30-30 मिनिटं. मिळून 60.

पण सैफीत पहिल्या घटनेचा वाटा 1 आहे आणि दुसरीचा फक्त 0.05. समजा, तुमचं मूल्यमापन सैफीवर होणार आहे. तुम्ही पैसा कुठं लावाल? फीडर ट्रिप होऊ नये म्हणून. त्या डीपीकडे बघायचं कारणच उरत नाही. आणि त्या 60 घरांचं वर्ष कसं गेलं? त्यांच्याकडे 630 मिनिटं वीज नव्हती. अहवालात मात्र 60 लिहिलंय. आकडा खोटा नाही. तो सरासरी आहे, आणि सरासरीत त्या 60 घरांचं घर कुठं आहे ते दिसत नाही.

पाच मिनिटं आणि वादळाचा दिवस

व्याख्यांमध्ये दोन जागा अशा आहेत जिथं आकडा सगळ्यात जास्त हलतो.

पहिली जागा: किती वेळ वीज गेली तर ‘गेली’ म्हणायचं? आयईईईच्या मानकात 5 मिनिटांपेक्षा जास्त गेली तर ती सैफी-सैडीत धरतात. ब्रिटनमध्ये ही मर्यादा 3 मिनिटांची आहे. त्याहून कमी वेळ गेलेली वीज क्षणिक म्हणून वेगळी, मैफी नावाच्या निर्देशांकात मोजतात, आणि अनेक ठिकाणी मोजतच नाहीत.

उघड्या तारांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. त्यांच्यावरचे बहुतांश बिघाड तात्पुरते असतात. फांदी घासली, ठिणगी पडली, फांदी बाजूला झाली. अशा वेळी लाईन क्षणभर बंद करून पुन्हा चालू केली की झालं. हे आपोआप करणारं उपकरण म्हणजे रिक्लोजर. रिक्लोजर बसवला की अर्ध्या तासाचा अंधार काही सेकंदांचा होतो. सैडी सुधारतो. पण फीडरवरच्या सगळ्यांची लाईट लुकलुकते. घरातल्या पंख्याला याचं काही वाटत नाही. एमआयडीसीतल्या संगणकावर चालणाऱ्या यंत्राचं चालू काम मात्र बंद पडतं. सुधारणा खरी आहे. फक्त कुणासाठी, हे निर्देशांक सांगत नाही.

दुसरी जागा: वादळाचा दिवस. महावादळात लाईन पडली तर तो दोष वीज कंपनीच्या रोजच्या कामाचा धरायचा का? अमेरिकेत पूर्वी प्रत्येक कंपनी ‘मोठं वादळ’ आपापल्या परीनं ठरवायची. त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना करणं अशक्य होतं. 2003 च्या आवृत्तीत यावर एक सांख्यिकी उपाय आला. मागच्या पाच वर्षांचा दर दिवसाचा सैडी घ्यायचा. त्याचं नैसर्गिक लॉगरिदम काढायचं, कारण मूळ आकडे फार एकांगी पसरलेले असतात. लॉगची सरासरी अधिक अडीचपट प्रमाण विचलन, ही मर्यादा. तिच्यापलीकडचा दिवस ‘मोठ्या घटनेचा दिवस’. आकडे लॉगमध्ये प्रसामान्य असतील तर असे दिवस वर्षाला सरासरी सव्वादोनच्या आसपास निघतात. विशेष म्हणजे मानक म्हणतं की हे दिवस वेगळे काढून त्यांचा स्वतंत्र अभ्यास करा. ‘फेकून द्या’ असं ते म्हणत नाही.

पण एक बारीक नियम आहे, त्याच्याकडे नीट बघा. वीज गेल्याची सगळी मिनिटं, ती ज्या दिवशी गेली त्या दिवसाच्या खात्यात जमा होतात. आता 3 जून 2020 घ्या. निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशी रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन तालुक्याच्या परिसरात धडकलं. रायगड आणि रत्नागिरीतल्या अनेक गावांत वीज यायला आठवडे लागले. या गावांना हा नियम लावून बघा. तीन आठवड्यांचा अंधार 3 जून या एका दिवसात जमा होईल, आणि तो दिवस वेगळा काढला की तीनही आठवडे रोजच्या कामगिरीच्या आकड्यातून निघून जातील.

खांब पडणं वादळाच्या हातात होतं, हे मान्य. पण विसाव्या दिवशी वीज नसणं हे पूर्णपणे वादळाचंच का? त्यात सुट्या भागांचा साठा, माणसं, रस्ते, कुठलं गाव आधी जोडायचं हा क्रम, असं बरंच काही येतं. संशोधनाचा खरा प्रश्न तिथं आहे, आणि निर्देशांकाच्या आत तो बसत नाही.

आपल्याकडे: कुठला फीडर, कुणाचा फीडर

भारतात या निर्देशांकांना कायद्याचा आधार मिळाला तो वीज कायदा 2003 मुळे. त्याच्या कलम 57 नं वितरण परवानाधारकांसाठी कामगिरीची मानकं ठरवायचं काम राज्य आयोगांना दिलं. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे याबद्दलचे पहिले विनियम 2005 चे. त्याच वर्षी 6 जूनला वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण वेगळी झाली.

त्या काळातलं भारनियमन तुमच्यापैकी अनेकांनी लहानपणी बघितलं असेल. लाईन शाबूत, डीपी शाबूत, आणि तरी ठरलेल्या वेळी अंधार. 1964 च्या पद्धतीत याला जागाच नाही. तिथं वीज जाते ती काहीतरी मोडल्यामुळे. इथं ती बंद केली जात होती.

यातून आणखी एक वेगळेपण आलं. महाराष्ट्रात गावठाण फीडर आणि शेती फीडर वेगळे करायची योजना राबवली गेली, म्हणजे पंपांचं भारनियमन करताना गावातली वीज चालू ठेवता येईल. गुजरातेत ज्योतिग्राम योजनेनं हेच केलं. गावासाठी हा मोठाच फायदा होता. पण विश्वासार्हतेच्या हिशेबात त्याचा एक परिणाम झाला. देशातल्या अनेक राज्यांच्या विनियमांत हे निर्देशांक 11 केव्ही फीडरच्या नोंदींवरून काढतात, आणि ज्यांच्यावर प्रामुख्यानं शेतीचा भार आहे ते फीडर त्यातून वगळतात किंवा वेगळे दाखवतात. काही राज्यांत तर भारांक म्हणून ग्राहकांची संख्या न घेता फीडरचा जोडलेला भार घेतात. म्हणजे एक कारखाना शेकडो घरांइतका मोजला जातो.

आता मळ्यात, वस्तीवर राहणारं कुटुंब डोळ्यांसमोर आणा. त्यांचं घर शेती फीडरवर आहे. पंपांना पाळीनं दिवसा किंवा रात्री आठ-दहा तास तीन फेज वीज मिळते. हे घर कुठल्या सैडीत येतं? बहुधा कुठल्याच नाही. हा कुणाचा कट नाही. निर्देशांक बनवताना ‘शेती फीडर म्हणजे पंप’ असं गृहीत धरलं गेलं, आणि त्या फीडरवर माणसंही राहतात हे हिशेबातून सुटलं.

दुसरी अडचण त्याहून साधी आहे. उपकेंद्राच्या लॉगबुकात काय लिहिलं जातं? ब्रेकर कधी पडला, कधी चढवला. पण गावात एका डीपीचा डीओ फ्यूज उडाला, किंवा लघुदाब तार तुटली, किंवा एक फेज गेली, तर उपकेंद्रातला ब्रेकर जागचा हलत नाही. लॉगबुकात फीडर चालू आहे. गल्लीत अंधार आहे. आपल्या उदाहरणातली ती 60 घरं आठवा. फक्त फीडरच्या नोंदी धरल्या तर त्यांचे दहा तास गायब होतात आणि सैडी 60 च्या जागी 30 होतो. लाईन तीच, वर्ष तेच, आणि कामगिरी दुप्पट चांगली.

मोजणी घरापर्यंत गेली की

ही फट ओळखून पुण्याच्या प्रयास (ऊर्जा गट) या संस्थेनं एक वेगळा मार्ग घेतला. त्यांनी उपकेंद्राकडे न बघता थेट ग्राहकाच्या घरातल्या सॉकेटमध्ये छोटं उपकरण लावलं. ते दर मिनिटाला व्होल्टेज नोंदवतं आणि मोबाईल नेटवर्कवरून मध्यवर्ती सर्व्हरला पाठवतं. ही नोंद लोकांना बघायलाही खुली ठेवली. यात वीज गेल्याचं तर कळतंच, शिवाय वीज असूनही उपयोगाची नव्हती हेही कळतं. 230 व्होल्टच्या जागी 170 येत असतील तर निर्देशांकाच्या दृष्टीनं वीज आहे. घरातला फ्रिज मात्र वेगळं सांगतो.

अर्थात, या पद्धतीलाही मर्यादा आहे. ही उपकरणं मोजक्या ठिकाणी असतात. अशा काही ठिकाणांवरून अख्ख्या राज्याचा सैडी काढता येत नाही, आणि काढूही नये. पण लॉगबुक आणि सॉकेट एकमेकांशेजारी ठेवले की दोघांमधला फरक मोजता येतो. पुढं स्मार्ट मीटर सगळीकडे आले की ही नोंद प्रत्येक घराची होऊ शकेल.

तेव्हा एक गोष्ट नक्की होईल, तिची तयारी आत्ताच ठेवा. मोजणी सुधारली की आकडा बिघडतो. हाताच्या नोंदी सोडून वीज कंपन्या संगणकीय व्यवस्थेवर गेल्या की सैफी आणि सैडी वाढलेले दिसतात, हा जगभरातला अनुभव आहे. लाईनी एका रात्रीत खराब होत नाहीत. आधी न दिसणारा अंधार दिसायला लागतो, इतकंच. अशा वेळी दहा वर्षांचा आलेख काढून ‘विश्वासार्हता घसरली’ असा निष्कर्ष लिहिणारा विद्यार्थी मोजपट्टीतला बदल लाईनीवर ढकलतो. त्याहून वाईट म्हणजे, प्रामाणिकपणे मोजायला लागलेल्या कंपनीला तो नापास करतो आणि न मोजणारीला पास.

तुम्ही सुरुवात कुठून कराल?

या विषयात प्रस्ताव लिहिणार असाल तर मोठं सॉफ्टवेअर आणि पाच जिल्हे लगेच घेऊ नका. एक फीडर घ्या, एक वर्ष घ्या. उपकेंद्राचं लॉगबुक, तक्रार केंद्राची नोंद आणि लाईनमनची डायरी, या तीन गोष्टी मिळवायचा प्रयत्न करा. एकाच घटनेची वेळ तिन्हींत कशी नोंदली आहे ते बघा. काही घटना एकीतच सापडतील. तो फरक म्हणजे कचरा नाही. कदाचित तोच तुमचा पहिला निष्कर्ष असेल.

मग कुठलाही सैडी वापरण्याआधी चार प्रश्नांची उत्तरं तुमच्या वहीत लिहून ठेवा. किती मिनिटांच्या वरचा अंधार धरलाय? कुठले दिवस आणि कुठले फीडर वगळलेत? नोंद कुठल्या पातळीवर घेतली आहे: उपकेंद्र, डीपी की घर? आणि भागाकारात खाली काय आहे, ग्राहक की जोडलेला भार? यातलं एक जरी उत्तर दोन अहवालांत वेगळं असेल तर त्या दोन आकड्यांची तुलना करू नका.

आणि लाईनमनशी बोला, हे मी आवर्जून सांगेन. कुठल्या वळणावर बाभळीची फांदी दर पावसाळ्यात तारेला लागते, कुठल्या खांबाचा ताण सैल आहे, हे त्याला तोंडपाठ असतं. तुमच्या मॉडेलमधला ‘दर किलोमीटरला बिघाडाचा दर’ सगळ्या लाईनीवर सारखा धरलेला असतो. त्याच्या डोक्यातला दर प्रत्येक खांबाला वेगळा असतो. दोन्ही एका नकाशावर मांडता आले, तर 1964 च्या त्या दोन निबंधांच्या पुढं तुम्ही एक पाऊल टाकलेलं असेल.